विद्यार्थी फिल्मचं फुटेज गेलं तर: पहिल्या तासापासून फायनल कटपर्यंत

हरवलेल्या फुटेजचं सगळ्यात जास्त नुकसान ते हरवल्यानंतरच्या पहिल्या तासात होतं, आणि ते करणारे हात आपलेच असतात. कार्ड परत कॅमेऱ्यात घालून कोणीतरी 'एक टेस्ट शॉट घेऊन बघू' म्हणतं. दुसरं कोणी नेटवरून मिळेल ते रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून त्याच ड्राइव्हवर टाकतं. लॅपटॉप 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारतो आणि घाबरलेलं बोट 'हो'वर पडतं. म्हणून या लेखाची सुरुवात तांत्रिक आहे, पण मोठा भाग फिल्मबद्दल आहे. रिकव्हरी आणि सीनची नव्याने जुळणी ही दोन्ही कामं एकाच दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी सुरू करावीत, असं माझं ठाम मत आहे. रिकव्हरीचा निकाल लागेपर्यंत हातावर हात धरून बसलेल्या टीमकडे शेवटी ना फुटेज उरतं, ना वेळ.

## आधी हात थांबवा

कार्ड कॅमेऱ्यातून काढा. मोठ्या आकाराचं एसडी कार्ड असेल तर कडेची पट्टी 'लॉक'कडे सरकवा. मायक्रो एसडीला अशी पट्टी नसते, पण तिच्या अ‍ॅडॉप्टरला असते. कार्डावर टेप लावून 'वापरायचं नाही' असं लिहा आणि ते एकाच माणसाच्या ताब्यात द्या. फुटेज लॅपटॉपवरून डिलीट झालं असेल तर त्या लॅपटॉपवरचं काम थांबवा. एक्स्पोर्ट नको, डाउनलोड नको, ब्राउझरही नको.

यामागचं कारण साधं आहे. फाइल डिलीट केली किंवा कार्ड क्विक फॉरमॅट केलं की सहसा फक्त यादीतली नोंद जाते. व्हिडिओचा डेटा जागेवरच असतो, मात्र ती जागा 'मोकळी' म्हणून जाहीर झालेली असते. पुढचं रेकॉर्डिंग नेमकं तिथे बसू शकतं, आणि एकदा बसलं की खालचं परत येत नाही.

याला दोन अपवाद आहेत. काही कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' असा पर्याय असतो, तो कार्ड खरोखर पुसतो. आणि लॅपटॉपमधल्या आतल्या एसएसडीवर ट्रिम नावाची सोय बहुधा चालू असते. डिलीट केलेल्या फाइलची जागा ती एसएसडी स्वतःच साफ करून टाकते. अशा ठिकाणी रिकव्हरीची आशा फार कमी असते. त्यात दिवस घालवू नका, थेट 'उरलेल्याची यादी' या भागाकडे वळा.

## नक्की काय गेलंय?

फुटेज गेलं असं आपण चार वेगळ्या प्रसंगांत म्हणतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. फाइल आहे पण सॉफ्टवेअरला सापडत नाही. फाइल भलत्याच फोल्डरमध्ये आहे. फाइल डिलीट किंवा फॉरमॅट झाली आहे. फाइल आहे, साइजही दिसते, पण उघडत नाही.

पहिला प्रकार मुळात गेलेलाच नसतो. टाइमलाइनवर लाल पट्टे आणि 'मीडिया ऑफलाइन' दिसलं की नव्या एडिटरची पाचावर धारण बसते. पण प्रीमिअर असो की डाविंची रिझॉल्व्ह, प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, त्यात फक्त व्हिडिओचा पत्ता असतो. एक्स्टर्नल ड्राइव्हचं अक्षर बदललं, कोणी फोल्डरचं नाव बदललं, की पत्ता चुकतो. रीलिंक करून मूळ फोल्डर दाखवला की काम होतं.

दुसऱ्या प्रकारात कार्डावरचा डीसीआयएम हा फोटोंचा नेहमीचा फोल्डर उघडला जातो, त्यात फोटो दिसतात, व्हिडिओ दिसत नाहीत आणि आरडाओरड सुरू होते. सोनीचे कॅमेरे एक्सएव्हीसी एस प्रकारातले व्हिडिओ डीसीआयएममध्ये ठेवतच नाहीत. ते 'प्रायव्हेट', त्यात 'एम४रूट', त्यात 'क्लिप' या फोल्डरमध्ये असतात. एव्हीसीएचडी असेल तर 'प्रायव्हेट'मधून 'एव्हीसीएचडी', मग 'बीडीएमव्ही', मग 'स्ट्रीम' असं आत जावं लागतं. लांब टेक मध्येच संपल्यासारखा वाटला तर पुढच्या क्रमांकाची फाइल बघा. फॅट३२ कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा टेकचे तुकडे करतो. पहिला तुकडा कॉपी करून दुसरा विसरणं हे नेहमीचंच.

## रिकव्हरीआधी शोधाशोध

कार्डाला हात लावण्याआधी टीममधल्या प्रत्येकाला विचारा. कार्ड कोणी, कधी, कुठे डंप केलं? कोणाच्या लॅपटॉपवर 'तात्पुरता' फोल्डर आहे का? कोणी फोनवर क्लिप मागवली होती का? रीसायकल बिन आणि ट्रॅश बघा. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला व्हिडिओ ट्रॅशमध्ये ६० दिवस असतो. आयफोनमध्ये 'रीसेंटली डिलीटेड' ३० दिवसांपर्यंत साथ देतं.

मग एडिटच्या मशीनवर बघा. प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी काढलेल्या हलक्या प्रती, बनवल्या होत्या का? ७२०पी ची प्रॉक्सी वर्गातल्या पडद्यावर चालून जाते. फुटेजच नसण्यापेक्षा किंचित मऊ दिसणारं फुटेज केव्हाही बरं. टाइमलाइन रेंडर केली असेल तर प्रिव्ह्यू किंवा कॅशच्या फोल्डरमध्ये तयार तुकडे पडलेले असू शकतात. शिक्षकांना दाखवायला काढलेला जुना रफ कट शोधा, भले त्यावर टाइमकोड, म्हणजे वेळेचे आकडे, छापलेला असो. तो भाग क्रॉप करता येतो.

आणि आवाज. साउंड वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर तो वेगळ्या कार्डावर आहे, म्हणजे बहुतेक वेळा शाबूत आहे. ही गोष्ट घाबरलेली टीम हमखास विसरते. पुढे सीन उभा करताना तुमचं सगळ्यात मोठं भांडवल तेच असणार आहे.

## कार्डाची इमेज काढा, मग रिकव्हरी

थेट कार्डावर रिकव्हरी चालवू नका. आधी त्याची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज फाइल, दुसऱ्या ड्राइव्हवर काढा. कार्ड मरायला टेकलेलं असेल तर प्रत्येक वाचनागणिक ते आणखी बिघडू शकतं. इमेज हातात असली की हवे तितके प्रयोग तिच्यावर करता येतात. मॅक आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे मोफत साधन यासाठी चांगलं आहे. ते आधी धडधाकट भाग वाचून घेतं आणि खराब भागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. ड्राइव्ह निवडताना दोनदा वाचा, स्रोत आणि ठिकाण उलटसुलट झालं तर आगीतून फुफाट्यात.

मग फोटोरेकसारखं मोफत साधन इमेजवर चालवा. नाव फोटोचं असलं तरी ते व्हिडिओही शोधतं. ते फाइलींची यादी बघतच नाही, डेटामध्ये व्हिडिओच्या सुरुवातीच्या खुणा शोधून तिथून फाइल उचलतं. त्यामुळे मूळ नावं जातात आणि 'एफ' अक्षरापुढे लांबलचक आकडा अशा नावाच्या फाइलींचा ढीग मिळतो. सापडलेल्या फाइली नेहमी वेगळ्या ड्राइव्हवर साठवा. कंप्युटरच्या दुरुस्तीच्या आज्ञा, उदाहरणार्थ विंडोजचं चेकडिस्क, रिकव्हरी होईपर्यंत चालवू नका. त्या यादी 'नीट' करायच्या नादात उपयोगी खुणा पुसतात.

फाइल कार्डावर सलग पडलेली असेल तर ती अख्खी परत मिळते. तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल तर अर्धवट किंवा दुसऱ्या क्लिपमध्ये मिसळून मिळते. कॅमेऱ्यातच वाईट टेक डिलीट करत राहिलं की कार्डावर अशीच भोकं पडत जातात आणि पुढच्या क्लिप त्या भोकांत वाटून बसतात. सेटवर जागा वाचवायला केलेली ही सफाई रिकव्हरीच्या वेळी महागात पडते. वाईट टेक राहू द्या, पुढे एडिटमध्ये तेच उपयोगी पडतात.

## फाइल आहे, पण उघडत नाही

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली किंवा कोणी कार्डाचं झाकण उघडलं की हा प्रकार होतो. एमपी४ आणि एमओव्ही फाइलमध्ये दोन मुख्य भाग असतात. 'एमडॅट'मध्ये चित्र आणि आवाजाचा प्रत्यक्ष डेटा असतो. 'मूव्ह'मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे, किती फ्रेम रेट, कोणता कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), याची अनुक्रमणिका असते. ही अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितात. मध्येच वीज गेली तर ३ जीबीची फाइल दिसते, आत सगळं असतं, पण प्लेअरला वाचता येत नाही.

इलाज म्हणजे त्याच कॅमेऱ्यावर, त्याच रेझोल्यूशन, फ्रेम रेट आणि कोडेकवर घेतलेली एखादी धडधाकट क्लिप. अनट्रंक नावाचं मोफत साधन त्या नमुना क्लिपवरून तुटलेल्या फाइलची अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं. नमुना एकाच सेटिंगचा हवा, ५० फ्रेमच्या क्लिपसाठी २५ फ्रेमचा नमुना चालत नाही. चित्र नीट आलं पण आवाज सरकलेला असला तर घाबरू नका, रेकॉर्डरचा आवाज क्लॅपवर जुळवून घ्या. काही कॅमेरे, गोप्रो त्यातलाच, अर्धवट फाइल असलेलं कार्ड पुन्हा घातल्यावर स्वतः दुरुस्ती करून बघतात. पण ती दुरुस्ती कार्डावर लिहिते, म्हणून इमेज काढल्याशिवाय कार्ड कॅमेऱ्यात घालायचं नाही.

## हार्ड डिस्क पडली असेल तर

डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर बंद करा आणि पुन्हा लावू नका. हा बिघाड यंत्राचा आहे, सॉफ्टवेअरने सुटत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा, हलवून बघायचा, घरी उघडायचा सल्ला ऐकू नका. डेटा रिकव्हरी करणारे व्यावसायिक ती धूळमुक्त खोलीत उघडतात, आणि काम महाग असतं. आधी तपासणी, मग अंदाजपत्रक, मग होकार, हा क्रम सोडू नका.

## किती वेळ झगडायचं

सबमिशनच्या तारखेपासून उलटं मोजा. एडिट, साउंड, ग्रेडिंग यांना लागणारे दिवस बाजूला काढा, पॅचवर्क शूटसाठी, म्हणजे राहिलेली भोकं भरणारे शॉट घ्यायला, एक दिवस राखा, आणि जे उरेल त्यातला थोडाच भाग रिकव्हरीला द्या. ती तारीख लिहून ठेवा. त्या तारखेला फुटेज नाही म्हणजे ते नाहीच, असं धरून पुढचे निर्णय घ्यायचे. नंतर मिळालं तर उत्तम. रिकव्हरीच्या पट्टीवर ९७ टक्के दिसतंय म्हणून अख्खी टीम रात्रभर स्क्रीनकडे बघत बसते, तेव्हा त्यातल्या चार जणांचं तिथे काहीही काम नसतं.

## उरलेल्याची यादी

हे काम दिग्दर्शक आणि एडिटरने एकत्र बसून करायचं. पटकथा समोर ठेवा. प्रत्येक सीनपुढे तीन गोष्टी लिहा: कोणते शॉट शाबूत आहेत, कोणता आवाज शाबूत आहे, आणि हा सीन फिल्ममध्ये कशासाठी आहे. तिसरा रकाना भरताना खरी कसोटी लागते. 'दोघांचं भांडण होतं' हे उत्तर नाही. 'ती घर सोडणार हे त्याला कळतं' हे उत्तर आहे. कारण भांडणाचे नऊ शॉट परत आणता येणार नाहीत, पण 'त्याला कळतं' हे दोन शॉटमध्येही सांगता येतं.

हा रकाना भरताना कधीकधी कळतं की गेलेल्या सीनची गरजच नव्हती. विद्यार्थी फिल्ममध्ये असं वरचेवर घडतं, आणि ते मान्य करायला दिग्दर्शकाला जड जातं. त्या सीनसाठी पहाटे चारला उठलो होतो, हे फिल्म बघणाऱ्याला माहीत नसतं.

शाबूत क्लिप पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत बघा. 'अ‍ॅक्शन'च्या आधीचे आणि 'कट'नंतरचे क्षण सोन्यासारखे असतात: नट संवाद आठवत खिडकीकडे बघतोय, नटी कॅमेरा थांबला समजून सैल होते. हे चेहरे उद्या तुमचे रिअ‍ॅक्शन शॉट होतील.

## सीन पुन्हा उभा करणं

समजा, बहीण-भावाचं घर विकण्यावरून बोलणं आहे. भावाचे सगळे क्लोजअप आणि मास्टर शॉट (अख्खा सीन दाखवणारा वाइड) असलेलं कार्ड गेलं. हातात आहे बहिणीचा क्लोजअप, तिच्या बाजूचा ओव्हर द शोल्डर ज्यात भावाची फक्त पाठ दिसते, आणि दोघांचा पूर्ण आवाज.

पहिला प्रयत्न असा करा: कॅमेरा बहिणीवरून हलवूच नका. भाऊ बोलतो ते आपण तिच्या चेहऱ्यावर ऐकतो. जिथे ती नजर चुकवते तिथे पाठीच्या शॉटवर कट करा. पाठ दिसत असताना ओठ दिसत नाहीत, त्यामुळे भावाचा कुठल्याही टेकमधला संवाद तिथे बसवता येतो, दोन संवाद जोडता येतात, एखादा गाळताही येतो. नंतर वाटलं तर त्याला डबिंगला बोलावून नवीन ओळही घालता येते. आता सीन तिचा झाला. भाऊ म्हणजे फक्त दबाव टाकणारा आवाज. मूळ आराखड्यापेक्षा हे कधीकधी जास्त बोचतं. पण अडीच मिनिटं एकाच चेहऱ्यावर राहता येत नसेल तर सीन दीड मिनिटाचा करा. ताणून धरू नका.

भावाचा चेहरा एकदा तरी हवाच असेल तर दुसऱ्या सीनमधला घ्या. रशियात लेव कुलेशोव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपचं ताट, शवपेटी अशा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला, आणि त्या एकाच चेहऱ्यावर प्रेक्षकांना निरनिराळे भाव दिसले. उधार घेतलेला चेहरा जितका निर्विकार, तितका तो खपतो. कपडे वेगळे असतील तर फ्रेम वाढवून गळ्याच्या वर कापा.

फ्रेम वाढवण्याचं गणित सोपं आहे. ३८४० बाय २१६० मध्ये शूट करून १९२० बाय १०८० मध्ये एक्स्पोर्ट करणार असाल तर कोणताही शॉट २०० टक्क्यांपर्यंत वाढवला तरी पिक्सेल कमी पडत नाहीत. एका वाइडमधून दोन मिड शॉट निघतात. फोकस मात्र तपासा, वाइडमध्ये लपलेली धूसरता वाढवल्यावर उघडी पडते.

चित्र अजिबातच नसेल आणि आवाज असेल, तर तो आवाज आधीच्या किंवा पुढच्या सीनच्या चित्रावर चालवून बघा. ती बसमधून निघाली आहे आणि आपल्याला कालचं बोलणं ऐकू येतंय, हे प्रेक्षक सहज स्वीकारतात. सेटवरचे फोटो असतील तर तेही वापरता येतात, मात्र फिल्मभर एकाच ठिकाणी फोटो आले तर ती अडचण वाटते, दोन-तीन ठिकाणी आले तर शैली वाटते. तेवढी लबाडी चालते.

## पॅचवर्क

अख्खा सीन पुन्हा शूट करायचा मोह टाळा. आधी रफ जुळणी करा, भोकं मोजा, मग फक्त त्या भोकांसाठी शॉट यादी बनवा. हात, दार, फोनचा स्क्रीन, रिकामी खुर्ची असे इन्सर्ट कोणत्याही खोलीत, नट नसतानाही घेता येतात. जुळवायला शाबूत क्लिपची माहिती उघडा आणि लेन्स, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्सचं केल्विन टिपून घ्या. प्रकाश कोणत्या बाजूने येत होता ते नाकाच्या सावलीवरून कळतं. केस कापलेल्या नटाला टोपी घालू नका, त्याला पाठमोरा किंवा अंधारात ठेवा. आणि त्या जागेचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, पुन्हा अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, नाहीतर कट डोळ्याला नाही तर कानाला कळेल.

## कोणाला, कधी सांगायचं

टीमला लगेच आणि शिक्षकांना त्याच दिवशी. शिक्षकांकडे जाताना अर्धं पान न्या: काय गेलं, काय उरलं, रिकव्हरीची शेवटची तारीख, पर्यायी योजना. मुदतवाढ मागायची असेल तर त्या कागदामुळे मागणीला वजन येतं. नटांना दिग्दर्शकाने स्वतः फोन करावा, ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं होऊ नये. त्यांनी वेळ दिला होता आणि पॅचवर्कसाठी तुम्हाला तो पुन्हा हवा आहे. ज्याच्या हातून गेलं त्याच्यावर खापर फोडायची सभा भरवू नका. सभा झाली की तो माणूस नेमकं काय दाबलं ते सांगायचं बंद करतो, आणि रिकव्हरीला तीच माहिती हवी असते.

## पुढच्या शूटच्या दिवशी

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो मोडतो तो जागेच्या टंचाईमुळे. म्हणून आधी हिशेब करा: १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड साधारण ८५ मिनिटं पुरतं. दिवसभरात तीन तास रोल होणार असेल तर १३५ जीबी, आणि ते दोन ड्राइव्हवर. तेवढी जागा नसेल तर शूटच्या आदल्या दिवशीच कळू द्या.

कॉपी ओढून टाकू नका, पडताळणी करणाऱ्या साधनाने करा. डाविंची रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवरचं क्लोन टूल किंवा विंडोजवर टेराकॉपी मूळ आणि प्रत जुळते का ते तपासतं. कार्डाचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा घ्या, आतून फक्त व्हिडिओ निवडून नको. डंप करणारा माणूस दिवसभर एकच, आणि त्याला मध्येच लाइट धरायला पाठवायचं नाही. भरलेलं कार्ड टेप लावून उलटं ठेवायचं, रिकामं सुलटं. दोन प्रती झाल्यावर प्रत्येक प्रतीतल्या दोन-चार क्लिप मध्यावर नेऊन चालवून बघायच्या, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

ज्या कार्डाने एकदा दगा दिला ते पुन्हा शूटवर न्यायचं नाही, कितीही नीट चालत असलं तरी. त्याची इमेज मात्र फिल्म जमा होऊन निकाल लागेपर्यंत डिलीट करू नका.